हॉर्नची मोजणी

तळेगावच्या कारखान्यात माझ्याकडे हॉर्न होता.
यंत्राचं लोखंडी बोट स्टीअरिंगच्या मधोमध
दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं,
आणि मी स्टुलावर बसून
हिरव्या वहीत आकडा लिहायचो.
अमेरिकेहून आलेल्या कागदावर होतं:
गाडीच्या आख्ख्या आयुष्यात इतके हजार वेळा. पुरे.
आयुष्य कुठल्या गावातलं, ते नव्हतं.

खळदकर साहेब म्हणाले, टिळेकर, तू मोजूनच ये.

मंगळवारी निघालो. नवी कोरी चंदेरी गाडी,
चालवायला बाबू ओव्हाळ,
माझ्या मुठीत
गणपतीतली गर्दी मोजायचं टिकटिक यंत्र.
सोमाटणे फाट्यापर्यंत एकोणीस.
देहूरोडला म्हशी आडव्या, तिथे चौदा,
त्यातला एकही म्हशींनी मनावर घेतला नाही.
निगडी, चिंचवड, पिंपरी.
दापोडीच्या पुलावर बाबूनं हात उचललाच नाही,
तो एक धरायचा की अनेक,
यावर खडकीपर्यंत वाद.
मंडईपाशी एका काकांनी स्कूटर थांबवून
काचेवर टकटक केलं:
"वाजवता येतो, हे कळलं. आता चालवताही येते का बघा."
स्वारगेटला आकडा
तीनशे बेचाळीस.

रिपोर्ट डेट्रॉईटला गेला.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फार सभ्य:
दशांशचिन्ह राहून गेलं आहे का, कृपया तपासावे.

साहेब हसले.
मग चष्मा पुसत बसले बराच वेळ.

मग तिकडून डेल आला. सव्वासहा फूट, भला माणूस.
मिसळ खाऊन रडला,
बाबूशेजारी बसून स्वारगेटपर्यंत गेला,
उतरल्यावर म्हणाला, आत्ता कळलं.
परत गेला, आणि चार महिन्यांत
त्याचं खातंच बंद झालं.
नवा आला त्यानं पुन्हा
दशांशचिन्ह विचारलं.

त्याच वर्षी आकुर्डीत आमच्या खालच्या मजल्यावर
एक कोरियन इंजिनिअर भाड्यानं राहायचा.
रविवारी सकाळी, रस्त्यावर ओणवा होऊन,
टेपनं स्पीडब्रेकरची उंची मोजायचा.
बायका त्याला महापालिकेचा समजल्या,
पाणी येत नाही म्हणून भांडल्या.
त्यानं तेही लिहून घेतलं.

आमची गाडी वाईट नव्हती हो.
दार लावलं की आवाज यायचा, धप्प,
सोनाराच्या तिजोरीसारखा.
शोरूममधला पोरगा तेच ऐकवायचा,
आणि गिऱ्हाईक, बायको-पोरांसकट,
दोनदा दार लावून बघून विचारायचं:
ॲव्हरेज किती?
पार्ट कुठे मिळतो?
विकताना किती येतील?

ह्या तिन्हींची उत्तरं
आमच्या छापील पुस्तकात
नव्हती.

एका शुक्रवारी कँटीनमध्ये शिरा केला होता.
मग पाकीट दिलं. सही घेतली.
बाबूनं शिरा डब्यात भरून घेतला,
ते बघून मला का कोण जाणे राग आला.

कर्मचारी सवलतीतली गाडी मात्र राहिली माझ्याकडे.
हेडलाइटच्या क्लिपला सहा आठवडे,
तरी आली ती डाव्या बाजूची.
नाना पेठेत सिकंदर मणियार
जपानी गाडीची क्लिप कानसून बसवतो,
बसवताना म्हणतो, लोखंड एक नंबर, मालक बेपत्ता.
मागची काच खाली होत नाही.
एसी फक्त आवाज करतो.

हॉर्न?
पहिल्या दाबात.
त्या बोटानं दाबला, बाबूनं दाबला, डेलनं दाबला,
आणि अजून
अख्खी सोसायटी खिडकीत येते.

कधी कामासाठी तळेगावला जातो.
गेटवरचं नाव उतरलंय,
रंगात त्याची फिकट जागा दिसते.
तिथे गाडी हळू करून एकदा वाजवतो.
आतून वॉचमन चहा ठेवून धावत येतो,
कुलूप काढायला लागतो.

मी हातानंच नको नको म्हणतो,
आणि पुढे जातो.